चुंबकाला न चिकटलेले बोल्ट

कड्यावर पक्के बसलेले अठरा बोल्ट मी उपटले, असं आमच्या चढाईतले लोक अजून सांगत फिरतात. व्हय, उपटले. कुणाला विचारलं नाही, आणि परत तशी वेळ आली तर परत उपटीन.

लोंढ्याच्या बाजूला, रानाच्या कडेला एक काळा कडा आहे. रविवारी आम्ही सात-आठ जण तिथं चढायला जातो. तिथं कॉलेजच्या पोरींना चढायला शिकवायचं ठरलं, म्हणून अण्णांनी कड्यात कायमचे बोल्ट बसवले. दगडात भोक पाडायचं, बोल्ट ठोकायचा, त्यावर पत्ती आवळायची आणि पत्तीत दोराची कडी अडकवायची. चढणारीचा पाय निसटला तर ती त्या एका बोल्टवर लोंबकळते. कड्याच्या माथ्यावर दोन बोल्ट जोडीनं असतात, उतरताना सगळा भार त्या दोघांवर.

अण्णा म्हणजे टिळकवाडीतले निवृत्त मास्तर. मला चढायला त्यांनीच शिकवलं, तेही पोर झाल्यावर. गावात बायका तोंडाला पदर लावून हसायच्या तेव्हा हा माणूस खाली दोर धरून उभा असायचा. त्यांचे उपकार मी कधी नाकारले नाहीत. पण उपकार वेगळे आणि बोल्ट वेगळा.

ते बोल्ट अण्णांनी बाजारातून स्वतः पारखून आणले होते. पारखून म्हणजे काय, तर चुंबक लावून. आमच्याकडं भांड्यांच्या दुकानात दोरीला बांधलेलं चुंबक टांगलेलंच असतं. लग्नाची भांडी घ्यायला गेलेली बाई आधी परातीला चुंबक लावते. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर अस्सल स्टील. माझ्या लग्नात आईनं असंच एकेक ताट तपासून घेतलं होतं. सगळ्या बेळगावला हा नियम पाठ, आणि मास्तर असून अण्णांनाही तेवढाच पाठ. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तो खराच वाटत होता. मी मच्छेच्या कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, तरीसुद्धा.

दसरा झाल्यावर कड्यावर गेलो तेव्हा दोन पत्त्यांच्या खाली तांबडा ओघळ दिसला. मी अण्णांना दाखवला.

"दगडातलं पाणी हाय ते," अण्णा म्हणाले. "स्टीलला गंज चढत न्हाय, बाई."

माझ्या काही गळी उतरेना. शिल्लक राहिलेला एक बोल्ट मी पिशवीत टाकला आणि कारखान्याच्या वाटेवरच्या भंगारवाल्याकडं गेले. त्यानं बोल्ट कानशीनं जरा घासला, वर बाटलीतल्या तपासायच्या औषधाचा एक थेंब सोडला आणि बॅटरीच्या दोन वायरी लावल्या, एक बोल्टला, एक थेंबाला. थेंब बघता बघता लालभडक झाला.

"आक्का, हे दोनशेदोन नंबरचं हलकं स्टील," तो म्हणाला. "ह्यात निकेल मारून मँगनीज घातल्यालं असतंय. चुंबक ह्यालाबी चिकटत न्हाय. घरात वाटी-चमचा करायला चालतंय. भाईर पावसात ठेवशीला तर गंज खातंय."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी तसाच्या तसा बोल्ट अण्णांच्या घरी नेला. अण्णांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतकी वर्षं चढणारा माणूस, आणि त्याला मी भंगारवाल्याची साक्ष काढून दाखवते.

"वढून बघू या," ते म्हणाले. "तुझ्याच कारखान्याचा जॅक आण."

आणला. साहेबांची परवानगी काढून जॅक, त्यावरचा दाबाचा काटा आणि वर लोखंडी चौकट असं सगळं कड्याच्या पायथ्याला नेलं. खालच्या एका बोल्टला लावून जॅक मारत गेले. काटा दोन टनांच्या पुढं गेला, बोल्ट तसूभर हलला नाही. सगळे टाळ्या वाजवायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघितलंस? दोन टन," अण्णा म्हणाले. "पोरगी काय हत्ती हाय काय?"

मी म्हटलं, "अण्णा, आज धरतोय ह्यात वादच न्हाय. पण ह्या बाजूला चार महिने दगड झिरपतो. गंज आत भोकात चढणार, तिथं कुणाचा डोळा पोचत न्हाय. वरनं चकचकीत दिसंल, आन् पाच-सात वर्षांनी एखादीच्या वजनानं मोडंल."

"तुला एवढं भ्या वाटतंय तर तुझ्या लेकीला चढवू नको. बाकीच्यांचं आम्ही बघतो."

हे वाक्य मी अजून विसरले नाही. माझी लेक तेव्हा कॉलेजात होती आणि येत्या रविवारी त्याच माथ्यावर पोचणारी पहिली तीच ठरली होती. म्हणजे माझं लेकरू लेकरू, आणि दुसऱ्याच्या पोरींनी खुशाल लोंबकळावं? माझं टाळकंच फिरलं.

शनिवारी सकाळी पाना आणि हातोडी कंबरेला लावून मी कड्यावर गेले. दोर माथ्यावरच्या झाडाला घालून खाली सोडला; तो धरायला मैत्रीण आली होती. थोड्या वेळानं अण्णाही आले, कुणीतरी कळवलं असणार. पायथ्याला उभं राहून त्यांनी मला बोल बोल बोलून घेतलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मैत्रिणीला बाजूला केलं आणि दोर स्वतःच्या हातात घेतला. मी वर, ते खाली, दोघंही रागानं धुमसतोय आणि दोर मात्र व्यवस्थित सुटतोय.

एकेक पत्ती सोडवली, बोल्टचं टोक ठोकून आत घातलं. लोक ह्यालाच उपटणं म्हणतात. तीन पत्त्यांच्या मागं तांबडी भुकटी निघाली. बाकीच्या स्वच्छ. खाली आले तेव्हा अण्णांनी विचारलं, "एक तरी तुटला काय?"

"न्हाय."

"मग?"

"तुटायची वाट बघायची हुती काय?"

ते दोर गुंडाळून निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, वाटेत दिसले तरी मान वळवतात. ह्याचं मला वाईट वाटतं, लई वाईट वाटतं. पण पस्तावा नाही. मी बरोबर होते हे मला कधीच सिद्ध करता येणार नाही, कारण जो बोल्ट काढला तो मोडला असता की नाही हे कोण सांगणार? असू दे. असा न जिंकता येणारा वाद पोरीच्या तिरडीपेक्षा कधीही बरा.

त्या रविवारचं चढणं अर्थातच बोंबललं. पुढच्या उन्हाळ्यात मी नवे बोल्ट बसवले. पत्ती आणि बोल्ट एकाच धातूचे, समुद्राकाठी वापरतात त्या जातीचे. प्रत्येकावर थेंब टाकून बघितलेले, आणि भोकात दगडासारखा घट्ट होणारा मसाला भरून चिकटवलेले. ओढूनही बघितले. दरवर्षी पाऊस सरला की मी आणि लेक पाना घेऊन तपासायला जातो.

गेल्या खेपेला माथ्यावर बसलो होतो. लेकीनं विचारलं, "आई, हे किती वर्षं टिकतील?"

"ठाऊक न्हाय. पण एक सांगून ठेवते. उद्या मी म्हातारी झाले, आणि मी बसवलेल्या ह्यातल्या एकाचाही तुला संशय आला, तर मला विचारत बसू नको. काढून टाक."

"आणि तू रागावलीस तर?"

"रागावणारच," मी म्हटलं. "तू काढ."