चिठ्ठीशिवाय मंजुरी

माझ्या आत्याच्या यजमानांइतका, म्हणजे नानांइतका, संशयी माणूस उभ्या खानदेशात झाला नाही, आणि इतका गोड संशयीही नाही. शिंदखेड्याला एका डॉक्टरांकडे ते कंपाउंडर होते. औषधाचा गुण पारखायचा तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना द्यावं, अर्ध्यांना देऊ नये, असं त्यांनी धुळ्याला एका व्याख्यानात ऐकलं आणि झालं! तेव्हापासून चिठ्ठीशिवाय नानांची कशालाच मंजुरी नसे. एका बुटाला नवं पॉलिश, दुसऱ्याला जुनं, असे ते महिनाभर हिंडले. माझ्या लग्नात सर्दीची साथ आली, तर अर्ध्याच वऱ्हाडाला काढा! माझे सासरे नेमके दुसऱ्या अर्ध्यात निघाले. मी गयावया केली, तर म्हणाले, "चिठ्ठीले सासरा-जवाई कळत नही, भाऊ."

पुढे डॉक्टरांनी विंचूदंशावर रक्तदाबाची एक गोळी द्यायला सुरुवात केली. "नाना, आधी माणसं डोळ्यांदेखत जायची. आता चालत घरी जातात. आणखी काय बघायचं?" नाना ढिम्म. "चिठ्ठ्या टाकाशिवाय मंजूर नही." ज्यांच्या वाट्याला गोळी येणार नाही त्यांचं काय, असं डॉक्टरांनी विचारलं, की नाना बाटल्या पुसायला लागत.

एके सकाळी चुलीसाठी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या ओढताना आत्यालाच लाल विंचू चावला. मी तेव्हा तिथेच होतो. दवाखान्यात नेईपर्यंत तिचं लुगडं घामाने भिजलं, हातपाय गार पडले. डॉक्टर गोळी घेऊन आले, तर धापा टाकत ही बाई म्हणते, "थांबा. बठ्ठा गावले चिठ्ठी, मंग माले कसाले नही?"

"चूप बस!" नाना ओरडले. "साहेब, दी टाका गोळी!"

दिवसभर ते तिचा हात धरून बसले. संध्याकाळी आत्याने चहा मागितला, तोही आल्याचा. डॉक्टर हसून म्हणाले, "काय नाना, मंजूर?"

"मंजूर, साहेब. इतला मोठा फरक आंधळालेबी दिसी!"

दुसऱ्याच दिवशी खोकल्याचं नवं औषध आलं आणि नाना पुन्हा चिठ्ठ्या कापायला बसले. आम्ही हसून बेजार झालो.

बऱ्याच वर्षांनी मी त्यांना चिडवलं, की तुम्ही तर फरक दिसायच्या आधीच 'दी टाका गोळी' म्हणालात. ते हसले नाहीत. आत आत्याची चाहूल घेत हळूच म्हणाले, "तवय माले गोळीवर इस्वास नव्हता, भाऊ. पन तिनं नाव चिठ्ठीवर लिखानं माले जमनं नही."

आत्याला त्यांनी हे कधी सांगितलं नाही. मीही नाही, आणि आता दोघंही नाहीत.