नामदेवच्या डोक्याची जाहिरात

करंजाड्यातल्या आमच्या सेक्टरात नामदेवचं सलून म्हणजे निम्मं सलून आणि निम्मी बातम्यांची कचेरी. मी तिथं रोज सकाळी फुकटचा पेपर वाचायला बसतो. माझ्या डोक्यावर कानांपुरती पांढरी झालर उरलीय. ती दोन महिन्यांतून एकदा कापून घेतो, म्हणजे बाकावरचा हक्क शाबूत राहतो.

नामदेव पन्नाशीला टेकलेला, इथल्याच जुन्या गावातला. डोक्यावर काळंभोर रान. त्या रानाच्या जिवावर तो घरी उकळलेलं जास्वंदीचं तेल विकायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं की मान पुढे करायचा, "घ्या, वढून बघा." लोक खरंच ओढून बघायचे आणि बाटली घेऊन जायचे.

यंदा दिवाळीनंतर नामदेव टोपी घालू लागला. आता न्हाव्याला स्वतःचे केस काही कापता येत नाहीत, म्हणून सोमवारी दुकानं बंद असली की ही मंडळी एकमेकांचे कापतात. पनवेलचा न्हावी मिथुन त्यासाठी दर महिन्याला यायचा. नामदेवनं त्याला दोनदा परत पाठवलं. एकदा लग्न सांगितलं, एकदा ताप. तेव्हाच मला काहीतरी वास यायला लागला.

मग माझ्या झालरीची पाळी आली. घाम पुसायला त्यानं टोपी काढली, डोक्यावरून पंचा फिरवला आणि माझ्या गळ्याभोवतीच्या कापडावर काळ्या केसांचा हा पुंजका पडला.

"नामदेव, तुझ्या हाताला गुण आला की रे," मी म्हणालो. "माझे पांढऱ्याचे काळे झाले."

सगळं दुकान हसलं. नामदेवनं ते केस चिमटीनं उचलले आणि खिशात घातले. कचऱ्यात टाकले असते तर मी विसरून गेलो असतो. आपलेच केस चोरल्यासारखे खिशात घालणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तोंड उघडलं त्याचा मला पस्तावा झाला.

पुढच्या रविवारी आशुतोष आला. महापेच्या कंपनीत कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा, मे महिन्यात लग्न. दोन वर्षं नामदेवचं तेल चोपडून, शेवटी गेल्या महिन्यात स्किनच्या डॉक्टरकडे गेलेला.

"नामदेवकाका, फसलो," तो म्हणाला. "रोज लावायचं औषध दिलंय. आधी दहा केस जायचे, आता उशी भरते. आजच फेकून देतो. तुमचीच बाटली द्या."

नामदेवनं फळीवरची बाटली काढली. आशुतोषनं हात पुढे केला, पण नामदेवच्या हातातून बाटली काही सुटेना. रविवारचं दुकान, बाकावर आम्ही पाच जण. मग त्यानं दुसऱ्या हातानं टोपी काढली. मध्यावर चामडी चमकत होती.

"फेकू नको," तो म्हणाला. "मना पन तेच दिलाय. तिसऱ्या आठवड्यात माझं पन असंच गेलं. डॉक्टर पयलेच बोललेला, आधी जुनं केस गलतील, मंग नवं येतील, घाबरून बंद करू नको. मी घाबरून चार दिवस बंद केलेला. मंग परत चालू केला."

"आणि तेल?"

"तेल चांगला हाय." नामदेव बाटलीच्या झाकणाकडे बघत राहिला. "त्यानं केस नाय येत."

"मग दोन वर्षं मला कशाला विकलंत, काका?"

यावर माझ्याकडे निदान तीन टोमणे तयार होते. बाकावरचे चौघे माझ्याकडेच बघत होते. मी पेपर तोंडासमोर धरला, म्हणजे नामदेवला निदान माझं तोंड तरी बघायला लागू नये.

"डोकीवर केस होतं तवर मना पन खरं वाटायचं," नामदेव हळू म्हणाला. "गेल्यावर पन विकलं, ती मातर चूक."

आशुतोष बाटली न घेता निघाला. दारात थांबला.

"किती दिवस गळतात?"

"महिना-दीड महिना, डॉक्टर बोललाय. तू मोजत बसू नको." नामदेवनं टोपी परत चढवली. "मी मोजतो. रोज."