आईचं आजारपण

बायकोसाठी रजा मागितली असती तर कारण सांगावं लागलं असतं. तिला दिवस गेले होते. पहिल्या खेपेला निभावलं नव्हतं, म्हणून या वेळी अंथरुणातून उठायचंच नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गावाहून आईची ताकीद वेगळीच: तीन महिने कुणाकडे ब्र काढायचा नाही, दृष्ट लागते. मी अर्जात लिहिलं, ‘आई अंथरुणाला खिळली आहे.’ अट तिची, तेव्हा आजारीही तिनेच पडावं, हा माझा न्याय.

आचोळ्यातल्या आमच्या वन रूम किचनमध्ये मी वरण करपवायला शिकलो. इमारतीतल्या बायका वाटीतून आमटी आणायच्या, पण खरं म्हणजे मला कणिक मळताना बघायला यायच्या. मी हसण्यावारी न्यायचो. मनातून मात्र रोज घाबरलेला असायचो.

भातकापणी आटोपून आई चार दिवसांसाठी आली. डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन तिन्ही जिने एका दमात चढली. दुसऱ्याच दिवशी गॅलरीतून पाहतो तर खाली आमचे साहेब वॉचमनला माझं घर विचारतायत! रजा रद्द झाली तर आई गेल्यावर बायकोकडे बघणार कोण?

“आई, झोप. तू आजारी आहेस.”

“मला काय धाड भरलीय?”

अर्जाचं सांगितलं तशी तिने पाठीत सणसणीत धपाटा घातला. “मेल्या, जित्या आईला खिळवलंस?” मग मुकाट्याने चटई अंथरून आडवी झाली. खाट एकच आणि बायकोला हलवायचं नव्हतं.

साहेब शहाळी घेऊन आत आले. आजारी सासू जमिनीवर कण्हतेय आणि सून खाटेवर! त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“खाटेवर मला झोप येत नाय हो,” आई कण्हत म्हणाली आणि पाहुणा आला म्हणून चहा टाकायला ताडकन उठली. मी तिला खांदे धरून परत निजवलं.

तेवढ्यात साहेबांची नजर खाटेच्या पायगतीकडे गेली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी तिथल्या पायांखाली विटा लावून ती बाजू उंच केली होती. साहेबांनी विटांवरून नजर बायकोकडे नेली. मग त्यांनी शहाळी चटईपाशी न ठेवता खाटेपाशी ठेवली.

दारात चपला घालताना म्हणाले, “रजा वाढवून घ्या. बाळंत होईपर्यंत आईंना उठू देऊ नका.”