मामा हातावर असला की

माझं चिंचपोकळीला फोटोफ्रेमचं दुकान आहे. लोक फोटो टाकून जातात आणि न्यायला विसरतात. वर्षभर वाट बघून मी त्या फ्रेमा माळ्यावर टाकतो. किस्से मात्र माळ्यावर टाकता येत नाहीत, ते काउंटरवरच साठत जातात. त्यातले हे काही, खंडूमामाचे आणि त्याच्या सिनेमावरून झालेल्या भांडणांचे.

खंडूमामा म्हणजे हातावर चढवायची बोलकी बाहुली, गिरणी कामगाराची. झुपकेदार मिशा, काळी टोपी, जाकीट आणि सगळा घोळ घालून झाल्यावरचं ठरलेलं वाक्य, "बोला, माझं काय चुकलं?" आमच्या लहानपणी गणपतीच्या मांडवात त्याचे खेळ व्हायचे. पुढे तो टीव्हीवरही आला. आज आम्ही तिघं पन्नाशी ओलांडून बसलोय, तरी दर रविवारी सकाळी माझ्या दुकानात विषय एकच, मामा! तिघं म्हणजे मी, शिवडीच्या गोदामात सुपरवायझर असलेला परब आणि दादरचे धुरूवकील. बायको विचारते, "तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का हो?"

नाही सुचत.

* * *

दोन वर्षांपूर्वी लालबागच्या एक सत्तरीच्या बाई नवऱ्याचा फोटो फ्रेम करायला घेऊन आल्या. परबने फोटो उचलून पाहिला. "कोण हे? शाळामास्तर होते काय?"

"नाही. हे खंडूमामाचा आवाज," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि मी हात."

पडद्यामागे नवरा बोलायचा आणि खाली मांडी घालून बसलेल्या या बाई, म्हणजे नलूताई, हात वर करून मामाला हलवायच्या. परबला मामाचे खेळच्या खेळ पाठ होते, पण या माणसाचं तोंड तो पहिल्यांदाच बघत होता. तो उठला आणि फोटोच्या पाया पडला. फोटो छातीपर्यंतचाच होता, पण भावना पोचल्या.

त्या दिवसापासून नलूताईही रविवारी यायला लागल्या.

* * *

गेल्या वर्षी पेपरात बातमी आली की खंडूमामा मोठ्या पडद्यावर येणार. पहिलं भांडण जाकिटाच्या रंगावरून पेटलं. परब म्हणे लाल. धुरूवकील म्हणे राखाडी.

"शपथेवर सांगतो, राखाडीच! दर आठवड्याला बघितलंय मी."

"वकीलसाहेब, तुमच्याकडे टीव्ही कुठला होता?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"सांगा तरी!"

वकिलांनी चष्मा पुसला. "ब्लॅक अँड व्हाइट."

परब टेबलावर हात आपटून हसला. मग नलूताईंनी सांगितलं, "हिरवं होतं. माझ्या लग्नातल्या शालूचा तुकडा उरला होता, त्याचं शिवलं मी."

आता हसायची पाळी वकिलांची होती. परब पंख्याकडे बघत पुटपुटला, "आमच्या मांडवात लाल बल्ब असायचे रे."

* * *

पुढच्या रविवारी नलूताईंनी खुद्द मामाला पिशवीतून आणलं आणि हातावर चढवलं. जाकीट हिरवंच होतं! धुरूवकील जातीचे सभ्य. त्यांनी चौकशी केली, "काय नलूताई, प्रकृती कशी आहे?"

मामाने मान फिरवून वकिलांकडे पाठ केली.

"मामा हातावर असला की मामाशी बोलायचं," परबने त्यांना दटावलं. "बाहुलीवाल्यांची रीतच आहे ती. आपण नलूताईंकडे बघितलं की मामाचा जीव जातो."

मग हायकोर्टात उभी हयात गेलेल्या माणसाने एका बाहुलीला नमस्कार करून विचारलं, "काय मामा, नलूताईंची प्रकृती कशी आहे?" मामाने मनगटाकडे बघून नकारार्थी मान हलवली.

ते खरंच होतं. नलूताईंचं मनगट दुखायला लागलं होतं. "वर्षभर चालेल हात," त्या म्हणाल्या, "मग हा ट्रंकेत जाणार. मला तो ट्रंकेत जायला नकोय." मामा बोलत का नाही, हे आम्ही कोणी विचारलं नाही. नवरा गेल्यापासून नलूताईंनी मामाचं तोंड उघडलेलंच नव्हतं. मान हलायची, हात हलायचे, तोंड बंद. मला फार वाईट वाटायचं ते बघून.

* * *

सिनेमावाल्यांचा माणूस परवानगी मागायला आला, तोही दुकानातच. गॉगल, लॅपटॉप, सगळा सरंजाम. नलूताईंनी मामाला हातावर घेतलं आणि म्हणाल्या, "माझं काही नाही. त्याला विचारा."

"हो हो, नक्की. सर कधी भेटतील?"

"समोर आहेत."

तो हसला आणि पुन्हा नलूताईंकडेच बघून बोलायला लागला. करार, स्क्रीन, फ्रँचाइझी. मामाने आधी मान डोलावली. मग डोकं खाजवलं. पाचव्या मिनिटाला तो नलूताईंच्या दंडावर डोकं टेकवून झोपला. माणूस बोलतच होता!

शेवटी त्याने लॅपटॉपवर नव्या मामाचं चित्र दाखवलं आणि आम्ही सगळेच उडालो. मामाला पाय होते!

"पाय?" परब ओरडला. "मामाक पाय खंयसून इले?"

मग मामाच्या पायात धोतर की पायजमा, यावर अर्धा तास गेला. धुरूवकील म्हणाले धोतर, टोपीला तेच शोभतं. परब म्हणाला पायजमा, गिरणीतला माणूस धोतर नेसून कापडाच्या साच्यावर उभा राहील काय? गॉगलवाला भराभर सगळं लिहून घेत होता. त्याने शेवटी नलूताईंना विचारलं, "मॅडम, नक्की काय होतं खाली?"

"खाली मी होते," नलूताई म्हणाल्या.

* * *

तरी नलूताईंनी सिनेमाला नाही म्हटलं नाही. अट एकच घातली, की नवा आवाज मामाला पटला तर मामा जाईल. परब चिडला. "दुसऱ्याचा आवाज? त्यापेक्षा ट्रंक बरी!" धुरूवकील म्हणाले, "अहो, ट्रंकेत ठेवून कोणाचं भलं झालंय?" दोघं पंधरा दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. रविवारी येऊन माझ्यामार्फत भांडायचे.

आणि एक दिवस हा ट्रंकवाला परबच घसा खाकरून उभा राहिला. "मामा, माझा ऐकून बघा." आवाज असा काढला, की फ्रेम न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात थबकलं. हुबेहूब!

मामा हललाच नाही.

"आवाज बरोबर आहे हो, परब," नलूताई म्हणाल्या. "पण श्वास कुठाय? मी खाली बसायचे, मला हे दिसायचे नाहीत. बोलायच्या आधी हे श्वास घ्यायचे, तो ऐकून माझा हात उठायचा. तुम्ही नुसता आवाज काढलात."

परब खाली बसला. त्याला लागलं होतं. जाताना मात्र मामाशी हात मिळवून गेला.

* * *

सिनेमावाल्यांनी चार जण पाठवले. चारही वेळा मामा ढिम्म. पाचवा आला तो जाधव. नाटकात काम करणारा, चाळिशीचा, पोट सुटलेला. "हा शेवटचा," गॉगलवाल्याने फोनवर सांगितलं होतं, "नाहीतर आम्ही दुसरा विषय घेतोय." नलूताईंच्या मनगटाला त्या दिवशी पट्टा होता. त्यावरूनच त्यांनी मामाला चढवलं.

जाधवला रीत माहीत असावी. त्याने नमस्कार मामाला केला. मग मामाचं ठरलेलं वाक्य म्हटलं. आवाज तंतोतंत. मामा गप्प. त्याने पुन्हा म्हटलं, जरा चढवून. मामा गप्प. तिसऱ्यांदा म्हणताना आवाज फाटला. परब माझ्याकडे बघून "बघ, सांगितलं होतं" अशी मान हलवणार होता, पण त्याने हलवली नाही. नलूताई खाली बघत होत्या.

जाधवने हातातला कागद काउंटरवर ठेवला, रुमालाने तोंड पुसलं आणि स्टुलावर बसला. बसल्यामुळे त्याचं तोंड मामाच्या तोंडासमोर आलं.

"चार महिने घासतोय, मामा," तो स्वतःच्या साध्या, थोड्या बसक्या आवाजात म्हणाला. "टेप ऐकून ऐकून पाठ केलं सगळं. घरचे वैतागले." तो थांबला. त्याने एक मोठा श्वास घेतला. "बोला, माझं काय चुकलं?"

तो खरंच विचारत होता.

आणि मामाचं तोंड उघडलं होतं. त्या चारही शब्दांवर, एकेका शब्दाला, मामाचं तोंड हललं होतं.

परबने डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. जाधव मामाकडे बघतच राहिला. मामाही त्याच्याकडे.

मग जाधवने पुन्हा श्वास घेतला, आणि मामाची मान वर उठली.