वर कोण बसलंय?

यावलहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात शाळेतून नुकतीच घरी येऊन चहा टाकत होते. भाऊ गेला. केळीच्या बागेत ठिबकची नळी बघायला वाकला आणि तिथेच... मी गॅस बंद केला. मनात पहिलं आलं ते हे, की परवाच्या रविवारी मी त्याच्याशी खेळले नव्हते.

खेळ म्हणजे व्हिडिओ गेम. हसा खुशाल, मला सवय आहे. तो गेम खरं तर समुद्रावरच्या लांबलचक प्रवासाचा, पण त्यातल्या एका बंदरात पाण्याखाली चेंडू खेळतात आणि आम्ही बहीणभाऊ त्या बंदरातून पुढे कधी हललोच नाही. पाच-पाच जणांच्या दोन टीम, दोन टोकांना कडी, त्यातून चेंडू घालायचा. प्रत्येकाला श्वास मोजून दिलेला. तो संपला की गडी तळाला जातो आणि बाद होतो. आमच्या टीममध्ये आम्ही दोघं, एरंडोलचं एक शिक्षक जोडपं आणि नशिराबादचा एक औषध दुकानदार. दर रविवारी, दुपारची जेवणं आटोपली की.

भाऊची एक खोड होती. पाळीपाळीने एक गडी तो वर काठावर बसवायचा, बुडणाऱ्याला ओढून घ्यायला हातात दोर देऊन. खेळात तशी सोय आहे, पण वापरत कोणी नाही, कारण मग खाली चारच उरतात. आमच्या बागेतल्या विहिरीत आम्ही पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. तिथला रिवाज असा, की आधी ओरडून विचारायचं आणि वरून कोणी हो म्हटल्याशिवाय उडी मारायची नाही. साठीला टेकलेला हा माणूस हेडफोन लावून तेच विचारायचा, "वर कोन बसेल हाये?" उत्तर येईपर्यंत समोरची टीम ताटकळायची. आम्ही हरायचो पुष्कळ, पण आमचा गडी कधी तळाला गेला नाही, याचा त्याला भारी तोरा.

मग आम्ही एका स्पर्धेत चक्क अंतिम सामन्याला पोचलो. बरोबरी, शेवटचं मिनिट, चेंडू भाऊकडे, कडी समोर. तेवढ्यात वर बसलेल्या दुकानदाराचं नेट गेलं. त्याचा गडी काठावर दोर धरून नुसताच पुतळ्यासारखा बसून राहिला, आणि माझा श्वास संपत आला होता. भाऊने चेंडू सोडला, वर गेला, दोर घेतला आणि मला ओढून काढलं. आम्ही हरलो.

"भाऊ, खेळात कोणी मरतं का?" मी फोनवर ओरडले.

"मरत नसीन. पन तू खाले व्हती ना, अन् वर कोनी नव्हतं."

मी फोन आपटला. पुढच्या रविवारी मुद्दाम खेळायला बसले नाही. दोन दिवसांनी तो गेला.

अपराधी वाटून घेत मी बसणार नाही. आमची भांडणं आठवडाभराच्या वर कधी टिकली नाहीत, हेही टिकलं नसतं, मला खात्री आहे. पण भाऊ मला हवा होता. अजून हवा आहे...

पाच आठवड्यांनी गेम उघडला. भाऊ काठावर बसला होता, दोराचं टोक पाण्यात सोडून. त्या रविवारी तो संध्याकाळपर्यंत "शोभी येईन" म्हणत बसून होता, असं वहिनी म्हणाली. तिथेच त्याने गेम बंद केला असणार. टीममधले बिचकत म्हणाले, पाचवा कोणी घ्यायचा का? मी नाही म्हटलं. खाली आपण चारच खेळत आलो, आताही चारच आहोत, त्यात नवीन काय?

तो दोर आता कोणी ओढणार नाही, हे मला कळतं. श्वासाकडे माझं मीच लक्ष ठेवते. पण सामना सुरू होण्याआधी मी विचारते, "वर कोन बसेल हाये?" समोरची टीम ताटकळते. दुकानदार घसा साफ करतो.

"भाऊ बसेल हाये, अक्का."

मग मी उडी मारते.