तूप कढवणारी

महाराज गादीवर होते, तेव्हाची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या घरी बहिणीचं लग्न निघालं आणि तूप कढवायला गगनबावड्याकडची एक म्हातारी आली. घरोघरी हेच काम करून ती पोट भरायची. तिचं नाव मी विचारलंही नाही. लोणी चोरेल या संशयानं चुलीपाशी ठाण मांडून बसलो.

तिची नजर अधू होती. पातेल्याकडं कान करून ती म्हणाली, "गप ऱ्हावा की दादा. तूप बोलायलंय. त्याची कडकड थांबली की उतरायचं."

मला ती बतावणी वाटली. "ओटीत काय लपवलंयस? ऊठ, पदर झाड!" मी ओरडतच राहिलो. तिनं उठून पदर झाडला. ओटीत काही नव्हतं. तेवढ्यात करपल्याचा वास सुटला.

आई धावत आली. "झोपलीवतीस काय गं?"

म्हातारीनं माझ्याकडं तोंड वळवलं. मी खाली वाकून चुलीतली लाकडं मागं ओढू लागलो. मग ती म्हणाली, "व्हय आक्का. माझाच कान चुकला."

पुढं आमच्या पेठेत तिला कुणी बोलावलं नाही. आईला एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. आई असेपर्यंत ते माझ्या तोंडून निघालं नाही.