लिफ्टवाला मामा आणि लाल बटण

आमच्या इमारतीतल्या लिफ्ट मेकॅनिकला सगळे मामाच म्हणतात. खरा मामा तो एकाच मुलीचा. बहीण वारली तेव्हा तिची लहानगी पोर त्याने घरी आणली आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कायमचा बंद केला. पोरीचे टोपणनाव ठिणगी. ते कोणी ठेवले ठाऊक नाही, पण चुकीचे ठेवले असे शेजारी म्हणून मी तरी म्हणणार नाही.

सोळाव्या वर्षी या ठिणगीने मैत्रिणींच्या नादाने कोणाची तरी स्कूटर पळवली आणि थेट औषधाच्या दुकानाच्या शटरवर घातली. कोणाला लागले नाही, पण प्रकरण मुलांच्या न्यायालयात गेले. काही दिवस सुधारगृहात काढल्यावर न्यायाधीशबाईंनी तिला मामाच्या स्वाधीन केले, तेही पुढच्या सुनावणीपर्यंतच. घरी नीट चालले आहे असे दिसले तर ती तिथेच राहणार, नाहीतर पुन्हा सुधारगृह. मामाची झोपच उडाली.

न्यायालयातल्या समुपदेशक ताईंनी त्याच्या फोनवर एक ॲप घालून दिले. हे ॲप मुलांसाठी नव्हते, मुलांना सांभाळून थकलेल्यांसाठी होते. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "आज तुम्ही कसे आहात?" खाली हिरवे, पिवळे आणि लाल बटण. लाल दाबले की ताईंचा फोन येणार. शिवाय श्वासाचे व्यायाम होते, अशाच इतर पालकांचे आवाजी निरोपही होते.

मामा माझ्या दारात येऊन फोन दाखवायचा. "साहेब, हा मला सांगतोय, हळू श्वास घ्या. अहो, हे तर मी लिफ्टमध्ये अडकलेल्यांना सांगतो! माझंच औषध मला पाजतायत."

आणि रोज हिरवे दाबायचा. ठिणगीने ताट आपटले, हिरवे. शाळेतून तक्रार आली, हिरवे. शेवटी मी म्हणालो, "मामा, इतका चोख ताळेबंद दिसला की आम्ही हिशेबवाले आधी संशय घेतो."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "तपासणीत लिफ्टवर लाल शेरा पडला की काय होतं? सील! मी लाल दाबलं तर माझ्या घराला सील. पोरगी परत आत."

मलाही ते पटले.

सुनावणीच्या आदल्या दिवशी भडका उडाला. अंधार पडायच्या आत घरी यायचे असा न्यायालयाचा हुकूम, आणि ठिणगी अंधार पडल्यावर उगवली.

"कुठे उंडारत होतीस?"

"अभ्यासिकेत!"

"तू? अभ्यासिकेत? सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!"

"तुला मी नकोच आहे. उद्या सांगून टाक कोर्टात!"

धाडकन दार, मग कडी. मी धावत गेलो तर मामा स्क्रूड्रायव्हर घेऊन आतल्या खोलीच्या दाराची बिजागरी काढायच्या तयारीत. तेवढ्यात फोन किणकिणला. आज तुम्ही कसे आहात?

"कसा आहे विचारतोय! सांगतोच आता!" त्याने अंगठ्याने लाल बटण चिरडल्यासारखे दाबले. आणि दुसऱ्या क्षणी पांढरा पडला. "साहेब, मेलो. पोरगी गेली."

फोन वाजला. तो हात लावेना. मीच उचलून स्पीकर लावला.

"मामा! शेवटी दाबलंत एकदाचं!" ताईंच्या आवाजात चक्क आनंद होता.

"चुकून दाबलं, ताई. बोट घसरलं. इथे सगळं झकास आहे."

"खोटं बोलतोय!" दाराआडून आवाज आला.

ताई हसल्या. "अहो, तुमचं लाल कोर्टात जात नाही. फक्त माझ्याकडे येतं. रोज हिरवा असणारा माणूस बघून मलाच घोर लागला होता."

"कोर्टात नाही जात?" मामा मटकन खाली बसला.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"त्या दिवशी मला काही ऐकू येत होतं का, ताई?"

"बरं, आता हातात काय आहे?"

"स्क्रूड्रायव्हर."

"लिफ्ट अडकली की आधी दार काढता?"

"छे! आधी माणसाशी बोलायचं. घाबरलेला माणूस..." मामा थांबला. स्क्रूड्रायव्हर मुकाट्याने पिशवीत गेला. मग दाराला पाठ टेकून तो अगदी शांत आवाजात म्हणाला, "मी इथेच आहे. कुठे जात नाही. तुला वाटेल तेव्हा उघड."

मग लिफ्टवाल्याच्या सवयीने त्याचा पुढचा प्रश्न आला.

"आत हवा येतेय ना?"

"मामा, ही खोली आहे, लिफ्ट नाही!" कडी निघाली. ठिणगीचे डोळे लाल, पण ओठ हसू दाबत होते. "खरंच अभ्यासिकेत होते. घरी तू, दूध उतू जाईल म्हणून बघावं तसा, माझ्याकडे टक लावून बसतोस. वाचू कशी?"

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेलो. न्यायाधीशबाईंनी मामाला विचारले, "जमतंय का तुम्हाला?"

"एकट्याला नाही जमत, बाई. काल मी हिच्या दाराची बिजागरी काढायला निघालो होतो."

मी मनात म्हटले, गेली केस!

"मग?"

"मग मदत मागितली. घाबरत घाबरत, पण मागितली."

बाई ठिणगीकडे वळल्या. "तुला कुठे राहायचंय?"

"मामाकडे. फक्त अभ्यासिकेतून यायला उशीर झाला तर चालू द्या. आणि त्याने माझ्याकडे बघणं जरा कमी करावं."

शिपाईसुद्धा हसला. निकाल झाला: मुलगी मामाकडेच राहील, अभ्यासिकेतून उशिरा यायला हरकत नाही. मी, आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस, भर न्यायालयात "शाब्बास!" म्हणून ओरडलो आणि शिपायाची बोलणी खाल्ली.

बाहेर पायऱ्यांवर मामाला ही बातमी ॲपवरच्या इतर पालकांना आवाजी निरोपातून सांगायची होती. फोन तोंडाशी धरून त्याने बरीच खटपट केली, शब्दच फुटेना. शेवटी ठिणगीने फोन हिसकावला.

"मी त्यांची भाची बोलतेय. मी घरीच राहणार आहे! मामाला बोलता येत नाहीये, तो रडतोय. काळजी करू नका, चांगलं रडतोय."